एका पेटीत गॅस नाही, दुसरीत कारंजं: बाटलीतल्या घरगुती बिअरचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एका नवख्या ब्रूअरनं दोन घाणे काढलेत. पहिला पेल एलचा (फिकट रंगाची बिअर), १८ लिटर. जानेवारीच्या सुरुवातीला बाटल्या भरल्या, पेटी तळघरात बाहेरच्या भिंतीला लागून ठेवली. तीन आठवडे झाले तरी झाकण उघडलं की नुसतं 'फिस्', बुडबुडे नावापुरते, चव जराशी गोड. भरण्याआधी दोन दिवस फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) २ अंशांवर ठेवला होता, आणि साखरेच्या कॅल्क्युलेटरनं सांगितली तेवढी, म्हणजे ६४ ग्रॅम डेक्स्ट्रोज घातली होती (ही साखर यीस्ट बाटलीत खातं, त्यातून गॅस होतो). दुसरा घाणा आयपीए या कडवट एलचा, ड्राय हॉप केलेल्या, म्हणजे आंबवल्यावर वरून हॉप्सची सुवासिक फुलं घातलेल्या. भरताना हायड्रोमीटरचं (बिअरची घनता मोजायची नळी, साखर संपेल तसा आकडा उतरतो) रीडिंग एकदाच घेतलं, १.०१६. दोन आठवड्यांनी उत्तम होता, आता पाचव्या आठवड्यात उघडला की अर्धी बाटली सिंकमध्ये. विचारणं असं की पहिल्या पेटीत अजून साखर घालू का, आणि दुसरी पेटी काही दिवस तशीच ठेवली तर बसेल का?

दुसऱ्या पेटीपासून सुरू करतो, कारण पहिली थांबेल, दुसरी थांबणार नाही. ती 'बसत' नसते. दोन आठवड्यांनी बरोबर असलेली बिअर पाचव्या आठवड्यात उसळते, याचा अर्थ आत यीस्ट अजून जेवतंय. हे वाचून होईपर्यंतसुद्धा थांबू नका. जाड जाकीट, कातडी हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल चढवा (वाचायचा चष्मा चालणार नाही, बाजूनंही झाकणारा हवा), पेटीवर जाड घोंगडी टाका आणि पेटी आहे तशी उचलून मोठ्या प्लास्टिकच्या झाकणवाल्या टबात ठेवा. बाटल्या एकेक करून हाताळू नका. मग टब थंड जागी न्या. फ्रिजमध्ये जागा असेल तर फ्रिज, नाहीतर गॅरेज. फक्त पारा शून्याखाली जाणार नाही असं बघा, कारण बिअर गोठली तरी बाटली फुटतेच, गॅसची गरज लागत नाही.

थंडीनं काय होतं? वायू थंड द्रवात जास्त विरघळतो. २.५ व्हॉल्यूम गॅस असलेल्या बिअरचा दाब २० अंशांना साधारण २८ पीएसआय असतो, म्हणजे गाडीच्या टायरच्या आसपास. तीच बिअर ३-४ अंशांवर आणली की तो ११-१२ वर येतो. (एक व्हॉल्यूम म्हणजे एका लिटर बिअरमध्ये एक लिटर कार्बन डायऑक्साइड, वजनात जवळजवळ २ ग्रॅम.) तुमच्या आयपीएत किती आहे ते बाटली उघडून मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, पण हिशोब माहीत असू द्या: हायड्रोमीटरचा एक पॉइंट, म्हणजे ०.००१, बाटलीत खाली आला की अंदाजे अर्धा व्हॉल्यूम गॅस वाढतो. चार पॉइंट उतरले तर दोन व्हॉल्यूम. मूळचे २.४ धरले तर झाले ४.४, आणि २० अंशांना दाब साठच्या घरात. साध्या तपकिरी बाटल्यांवर मी तीन व्हॉल्यूमच्या वर विश्वास ठेवत नाही, त्यातही ज्या चार-पाच वेळा धुऊन वापरल्या आहेत त्यांच्यावर तर नाहीच.

मी मिनिआपोलिसला राहतो, चौदा वर्षं बिअर करतोय, आणि हा धडा मला तिसऱ्याच वर्षी मिळाला. रविवारी रात्री जेवताना खाली तळघरात कुकरची शिटी उडाल्यासारखा आवाज झाला. खाली गेलो तर पेटीतली एक बाटली नव्हतीच. तिचा तळ तेवढा जागेवर, स्वच्छ कापल्यासारखा. गळा झाकणासकट सहा फुटांवर. काचेची एक पात समोरच्या ड्रायवॉलमध्ये माझ्या छातीच्या उंचीवर रुतलेली. मी तिथे बघत उभा होतो आणि बायको जिन्यावरून ओरडत होती, "आधी वर ये!" बरोबर तीच होती. शेजारच्या तेवीस बाटल्यांतही तेवढाच दाब होता.

आता टब थंड झालाय असं धरू. दोन दिवस, पुरे ४८ तास जाऊ द्या. मग गॉगल-हातमोजे घालूनच एक बाटली सिंकमध्ये उघडा, दोन ग्लासांत पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे ओतून गॅस काढून टाका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि हायड्रोमीटर बुडवा. भरताना तुमचं रीडिंग १.०१६ होतं. आजही तेवढंच किंवा एखादा पॉइंट कमी आलं, तर दोष साखरेचा: जास्त पडली किंवा नीट मिसळली नाही. १.०१२ किंवा त्याखाली आलं तर यीस्टला बाटलीत भरपूर खाद्य मिळालं.

माझी पैज दुसऱ्यावर आहे, आणि त्याची कारणं तुमच्याच वर्णनात आहेत. एक म्हणजे तुम्ही रीडिंग एकदाच घेतलंत. तीन दिवसांच्या अंतरानं दोन रीडिंग सारखी आल्याशिवाय बाटली भरायची नसते. एअरलॉक (फर्मेंटरच्या झाकणावरची गॅस सोडणारी नळी) थांबला म्हणजे फर्मेंटेशन संपलं, हे खरं नाही. दुसरं, ड्राय हॉप. हॉप्समध्ये स्वतःची एन्झाइम्स असतात, ती यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनचे तुकडे करून पचतील अशा साखरा बनवतात. थांबलेलं फर्मेंटेशन पुन्हा सुरू होतं. आजकाल याला 'हॉप क्रीप' म्हणतात, पण नवं काही नाही. इंग्लंडमध्ये ब्राउन आणि मॉरिस या दोघांनी १८९३ सालीच हे लिहून ठेवलंय. हॉप टाकल्यावर लगेच थंड करून बाटल्या भरल्या की हे उरलेलं काम यीस्ट बाटलीत पूर्ण करतं. म्हणून हॉप टाकल्यावर फर्मेंटर १८-२० अंशांवरच ठेवायचा, रीडिंग तीन दिवस हललं नाही की मगच थंड करायचा.

तिसरी गोष्ट तुम्ही ओघात सांगितलीत, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते: याच बकेटमध्ये उन्हाळ्यात सेझॉन (बेल्जियन धाटणीची एल) केली होती. सेझॉनच्या अनेक यीस्ट 'डायस्टॅटिकस' जातीच्या असतात. त्या स्वतः एन्झाइम सोडून डेक्स्ट्रिन फोडतात आणि आठवडेच्या आठवडे संथपणे खात राहतात. बकेट धुतली असेलच तुम्ही. पण तिचा नळ सुटा करून आतून धुतला होता का? नसेल तर आज खोला. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोन्ही भाग पिळून वेगळे करा आणि आतल्या फिरत्या दांड्यावर बोट फिरवा. मी पहिल्यांदा खोलला तेव्हा बोटाला चहाच्या गाळणीतल्या साक्यासारखा तपकिरी, बुळबुळीत थर आला होता, वास आंबट. त्या नळातून मी वर्षभर दर घाण्याची एकेक बाटली भरत होतो! आता माझा नियम असा आहे की सेझॉनची बकेट, नळ, नळी वेगळी, त्यावर लाल टेप. आणि प्लास्टिकचा नळ चार-पाच डॉलरला मिळतो, दरवर्षी नवा घेतो.

बिअर वाचवायची असेल तर गॅस सोडावा लागेल. थंड बाटलीच्या झाकणाची कड ओपनरनं अगदी किंचित उचलायची, 'स्स्स' ऐकू आलं की थांबायचं. फेस गळ्यापर्यंत चढू लागला की ओपनर काढून घ्या, झाकण बऱ्यापैकी आपोआप बसतं. तासाभरानं पुन्हा, मग पुन्हा. तिसऱ्या फेरीनंतर नवं झाकण लावा आणि पेटी फ्रिजमध्येच राहू द्या, संपेपर्यंत. बाहेर काढली की यीस्ट पुन्हा कामाला लागेल. रीडिंग सहा-सात पॉइंट उतरलेलं असेल, किंवा गळ्यात आतून पांढुरकी रेघ दिसत असेल, किंवा पेटीतली एक जरी बाटली फुटली असेल, तर मी वाचवायच्या फंदात पडणार नाही. थंड करून, टबासकट झाकून, एकेक सिंकमध्ये उघडून ओतून देईन. वीस-पंचवीस डॉलरच्या मालासाठी डोळा पणाला लावू नये. मी स्वतः दोनदा लावलाय, म्हणून सांगतो.

एक खात्री मात्र करून घ्या. उसळलेली बाटली तुम्ही किती वेळ थंड केली होती? तासभर फ्रीजरमध्ये घालून काढली असेल तर गॅस अजून बिअरमध्ये पुरता उतरलेला नसतो, काही वरच्या मोकळ्या जागेत असतो. तो झाकण उघडताच निघतो आणि तळाचा गाळ घेऊन वर येतो. चोवीस तास उभी थंड केलेली बाटलीही उसळली, तरच ती खरी उसळणारी. तुमच्या बाबतीत 'आधी ठीक, आता नाही' असं असल्यामुळे मला फार आशा नाही, पण या एका कारणानं चांगल्या बिअर ओतून देणारे लोक मी पाहिलेत.

आता पेल एलकडे. इथे मात्र घाई नको, आणि साखर तर अजिबात नको. निदान आज नको.

न्यू जर्सीतल्या जानेवारीत तळघराच्या बाहेरच्या भिंतीपाशी १३-१४ अंश सहज असतात. हिवाळ्यात इडलीचं पीठ ओट्यावर ठेवून सकाळी जसंच्या तसं मिळालं, तर आपण त्यात अजून उडीद वाटून घालतो का? ओव्हनचा दिवा लावून आत ठेवतो. यीस्टचंही तेच. एल यीस्टला बाटलीत २०-२२ अंश लागतात, तरी दोन ते तीन आठवडे घेते. १४ अंशांवर ती झोपते किंवा इतकी हळू चालते की महिनादीड महिना जावा लागतो. पेटी वर आणा. मी पिकनिकच्या मोठ्या कूलरमध्ये बाटल्या ठेवतो, मध्ये गरम पाण्याची एक बरणी, रोज सकाळी पाणी बदलतो. थर्मामीटर कूलरच्या आत ठेवा, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचं ऐकू नका. पहिल्या दिवशी प्रत्येक बाटली हळूच उलटी करून परत उभी करा, तळाला बसलेलं यीस्ट वर येतं. हलवायची नाही, फक्त उलटी करायची. दहा दिवसांनी एक बाटली दिवसभर थंड करून उघडा.

गोड लागते म्हणून साखर तशीच शिल्लक आहे, हे अनुमान कच्चं आहे. १८ लिटरमध्ये ६४ ग्रॅम म्हणजे लिटरला साडेतीन ग्रॅम, जिभेला कळेल न कळेल इतकी. गॅस नसलेली कोणतीही बिअर गोडच लागते, कारण गॅसची ती चरचरीत आंबट धार नसते. गॅस गेलेलं थम्सअप आठवा, साखर तेवढीच असते.

पण तुमचं दुसरं दुखणं या ६४ ग्रॅममध्येच आहे, आणि ते उबेनं जाणार नाही. कॅल्क्युलेटर विचारतो 'बिअरचं तापमान', आणि तुम्ही इमानदारीत २ अंश टाकलेत, कारण थंड करून भरत होतात. त्याला विचारायचं असतं की फर्मेंटेशन संपल्यानंतर बिअर जास्तीत जास्त किती तापली होती. २० अंशांवर फर्मेंट झालेल्या बिअरमध्ये साधारण ०.८६ व्हॉल्यूम गॅस उरतो, बाकीचा एअरलॉकमधून निघून जातो. नंतर फर्मेंटर फ्रिजमध्ये ठेवला म्हणून गेलेला गॅस परत येत नाही. पण कॅल्क्युलेटरला वाटलं २ अंशांची बिअर म्हणजे १.६ व्हॉल्यूम आधीच आहेत, म्हणून त्यानं फक्त वरच्या ०.८ ची साखर दिली. खरा हिशोब असा: हवे २.४, आहेत ०.८६, कमी १.५४. डेक्स्ट्रोज एका लिटरला एका व्हॉल्यूमसाठी सुमारे ४.४ ग्रॅम लागते, तेव्हा १.५४ गुणिले ४.४ गुणिले १८, म्हणजे १२२ ग्रॅम. तुम्ही निम्मी घातलीत. साधी साखर घेतली तर लिटरला ४ ग्रॅम, म्हणजे १११. हा आकडा कपानं मोजू नका, वजनकाट्यावर घ्या. आणि १८ लिटर म्हणजे बाटल्यांत खरोखर जाणारे १८. तळाशी गाळासोबत दोन लिटर राहणार असतील तर ते हिशोबात नकोत.

म्हणजे तुमची पेल एल उबदार जागेत पूर्ण तयार झाली तरी १.६-१.७ वर थांबेल. हा काही अपघात नव्हे. इंग्लंडमधल्या पबात पंपानं ओढून देतात त्या बिटर नावाच्या एलमध्ये तर याहूनही कमी गॅस असतो, आणि लोक ती आवडीनं पितात. माझा खरा सल्ला हाच: ऊब द्या, आणि मग जराशी कमी थंड, दहा-बारा अंशांना प्या. साखर घालायला झाकण उघडलं की थोडी हवा आत जातेच, आणि हवा लागलेली बिअर महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

तरीही २.४ च हवेत असा हट्ट असेल, तर उबेचे दहा दिवस झाल्यावर, आधी नाही, कमतरता भरून काढता येते. ०.७३ व्हॉल्यूम म्हणजे ३५५ मिलीच्या बाटलीला जेमतेम १ ग्रॅम साधी साखर. तुमच्या ५० बाटल्या. ५२ ग्रॅम साखर ७० मिली पाण्यात उकळा, थंड झाल्यावर उकळलेल्या पाण्यानं बरोबर १०० मिली करा. बाटल्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. मुलांना औषध पाजायची बिनसुईची सिरिंज उकळून घ्या, झाकण काढा, २ मिली पाक सोडा, लगेच नवं झाकण. कोरडी साखर टाकू नका. तिच्या प्रत्येक कणावर बुडबुडे जमतात आणि बिअर तुमच्या बाहीत येते. सगळ्या बाटल्या पुन्हा बकेटमध्ये ओतून, साखर मिसळून परत भरायची कल्पना तर डोक्यातूनच काढा. होता नव्हता तो गॅस जाईल आणि हवा भरपूर मिसळेल.

दहा दिवस उबेत ठेवूनही काहीच फरक पडला नाही, अगदी 'फिस्' सुद्धा नाही, तर झाकणांकडे बघा. दोन-तीन बाटल्यांची मान कोमट पाण्यात बुडवून धरा, कडेनं बुडबुडे आले तर झाकण दाबून बसवायच्या तुमच्या यंत्राची पकड ढिली आहे. पिळून उघडायच्या झाकणाच्या बाटल्या कुणी दिल्या असतील तर त्याही बाजूला काढा, त्यांच्यावर साधं झाकण नीट बसत नाही. युरोपातल्या काही बाटल्यांचं तोंड २९ मिमीचं असतं, आपली झाकणं २६ ची.

यीस्टच मेलंय ही शंका लोकांना फार लवकर येते. दोन दिवसांच्या थंडीनं सगळं यीस्ट खाली बसत नाही, पेल एलमध्ये पुरेसं राहतं. नऊ-दहा टक्क्यांची बिअर, किंवा तीन-चार महिने थंडीत ठेवलेली लागर, तिथे मी भरतानाच नवं यीस्ट घालतो: बाटलीसाठीचं कोरडं यीस्ट, १९ लिटरला २ ग्रॅम, कोमट पाण्यात भिजवून. तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही.

पुढच्या घाण्याला एक बाटली प्लास्टिकची भरा, अर्ध्या लिटरच्या सोड्याची, स्वच्छ केलेली. हवा दाबून काढा, झाकण घट्ट करा आणि बाकीच्यांसोबत ठेवा. ती फुगून दगडासारखी कडक झाली की काचेच्या बाटल्यांमध्येही गॅस आलाय. मऊच राहिली तर पेटी थंड आहे. आणि कडक झाल्यावरही आठवड्यामागून आठवडा फुगतच राहिली, तर पेटी त्याच दिवशी फ्रिजमध्ये. माझ्या कपाटात दर घाण्याची अशी एक बाटली असते, जाता-येता अंगठ्यानं दाबतो.

जाता जाता कायद्याचं, कारण पुण्यातला माझा भाचा हेच सामान मागवायच्या विचारात आहे. अमेरिकेत १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि घरी पिण्यापुरती बिअर बनवणं केंद्रीय कायद्यानं मोकळं झालं: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरात बिअर बनवणं गुन्हा ठरतो. भाच्याला मी जिंजर बिअर शिकवली, बिनदारूची, सोडा सायफनवर. वरची काचेच्या बाटलीची सगळी काळजी त्याला लागत नाही, आणि त्याच्या आईची झोपही उडत नाही.

आयपीएचं रीडिंग कळवा. नळ खोलल्यावर काय निघालं तेही.